गेम स्टुडिओतील आंतरवासिता : खेळणारा मुलगा खेळ घडवायला जातो तेव्हा



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. हा विषय आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण आपल्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं आता त्या वाटेने जाऊ लागली आहेत. त्यामुळे आपल्याला त्याची माहिती हवी.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. त्यांचा मुलगा चौथीत माझ्या वर्गात होता. आता तो पुण्यात अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगच्या पदवीला दुसऱ्या वर्षाला आहे. वडील म्हणाले, "बाई, पोरगं म्हणतंय दोन महिने गेमच्या कंपनीत कामाला जातो. पगार काय नाही. खोलीभाडं आपणच भरायचं. ती रमीची जाहिरात लागते तसलीच कंपनी असंल का ही? तुम्हीच सांगा, पाठवू का नको?"

खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, दोन दिवस द्या, विचारून सांगते." मग मी त्या मुलाशी बोलले, त्याच्या कॉलेजचं पत्र पाहिलं, ओळखीच्या लोकांना विचारलं. पुढे त्याचे ते आठ आठवडे मी फोनवरून जवळजवळ सोबतच काढले. त्यातून जे समजलं ते या पाठात मांडत आहे.

१. आंतरवासिता म्हणजे काय?

डी.एड. झालेल्या आपल्या सर्वांना हा शब्द नवा नाही. आपण सराव पाठ घेतले, छात्रसेवाकाल केला, दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण वही भरली. पुस्तकात शिकलेली गोष्ट प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, अनुभवी माणसाच्या नजरेखाली करून पाहणे म्हणजे आंतरवासिता. डॉक्टर होणारा विद्यार्थी रुग्णालयात करतो, आपण शाळेत केली, तशीच गेम बनवायला शिकणारा विद्यार्थी गेम स्टुडिओत करतो.

कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. महात्मा गांधींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, तिचा गाभा हाताने काम करत शिकणे हाच होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावं अशी अपेक्षा आहे. गेम स्टुडिओ हाही एक कारखानाच आहे. फरक इतकाच की तिथे लाकूड किंवा माती नसते. चित्र, आवाज, गणित आणि गोष्ट हा कच्चा माल असतो.

२. असे स्टुडिओ आपल्याकडे आहेत का?

आहेत. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा पुण्यात 2008 पासून स्टुडिओ आहे आणि 2018 मध्ये तिने मुंबईतही सुरू केला. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम 2020 मध्ये आणला. त्यात भारतीय पुराणकथांचा आधार आहे आणि नायिका एक मुलगी आहे, जी आपल्या भावाला शोधायला निघते. केंद्र सरकारने 2022 च्या अर्थसंकल्पात अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दल नेमण्याची घोषणा केली होती. म्हणजे ही वाट आता आडवाट राहिलेली नाही.

३. स्टुडिओत कोण काय करतं?

गेम बनवतो म्हणजे एकच माणूस संगणकावर बसून सगळं करतो, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ते गावच्या नाटकासारखं असतं. पडद्यावर दोघे-तिघे दिसतात, मागे पन्नास हात राबतात.

• गेम डिझायनर : खेळाचे नियम ठरवतो. उडी किती उंच, शत्रूला किती वार लागतील, हरल्यावर खेळाडू कुठून सुरू करेल, वगैरे.
• लेव्हल डिझायनर : खेळातली जागा आखतो. आधी साध्या करड्या ठोकळ्यांनी रस्ते, भिंती, जिने मांडून खेळून पाहतात, सजावट नंतर.
• कलाकार : पात्रांची रेखाटनं, त्रिमितीय मॉडेल, रंग, पोत.
• अ‍ॅनिमेटर : पात्राला चालवणं, बोलवणं, पाडणं.
• प्रोग्रामर : नियम संगणकाला समजतील अशा भाषेत लिहितो. युनिटी या इंजिनात सी शार्प, तर अनरिअलमध्ये सी प्लस प्लस ही भाषा वापरतात.
• साउंड डिझायनर : पावलांचा आवाज, दाराची करकर, पाऊस.
• प्रोड्यूसर : कोणतं काम कधी पूर्ण होणार याचा हिशोब ठेवतो.
• टेस्टर : गेम पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधतो.

नवा विद्यार्थी यातल्या कुठल्याही विभागात जाऊ शकतो. आपला मुलगा टेस्टिंगला गेला.

४. पहिले दोन आठवडे

वडिलांना वाटत होतं मुलगा नुसता गेम खेळत बसणार. मुलालाही मनातून तेच वाटत होतं! दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"बाई, मी परत येऊ का? इथं मला दिवसभर भिंतीला धडकायला लावतात."

मला आधी हसू आलं, मग त्याने समजावून सांगितलं. गेममधल्या एका गावात शेकडो भिंती होत्या. पात्राला प्रत्येक भिंतीवर चालवायचं, पळवायचं, उडी मारायला लावायची आणि ते कुठे भिंतीच्या आरपार जातं का ते पाहायचं. एक कोपरा झाला की दुसरा. खेळण्याची मजा त्यात नाही. शिवाय तो जे लिहून देई ते परत येई. प्रोग्रामर शेरा मारत, "आमच्याकडे असं होत नाही."

त्याला मी माझ्या पहिल्या सराव पाठाची गोष्ट सांगितली. तिसरीचा वर्ग, परिसर अभ्यास. टाचण सुरेख काढलं होतं, तक्ते रंगवले होते. पण वीस मिनिटांत माझा पाठ संपला आणि उरलेली पंधरा मिनिटं मी वर्गासमोर नुसती उभी होते. मार्गदर्शक बाईंनी वहीत एकच ओळ लिहिली की, तुम्ही मुलांना एकही प्रश्न विचारला नाही. त्या रात्री मलाही घरी निघून जावंसं वाटलं होतं. पण ती ओळ आजही मला रोज उपयोगी पडते.

मी त्याला म्हटलं, "भिंतीला धडकणं हे तुझं काम नाही रे. भिंत कुठं फुटकी आहे ते दुसऱ्याला कळेल असं लिहिणं, हे तुझं काम आहे. तुझं लिहिणं तपास."

५. चूक कशी लिहायची?

गेममधल्या चुकीला बग म्हणतात आणि ती कळवणाऱ्या टिपणाला बग रिपोर्ट. त्याचा पहिला रिपोर्ट असा होता : "गावात पात्र भिंतीत घुसतं." आता सांगा, शेकडो भिंतींमधली कुठली? कधी? काय केल्यावर? वाचणारा बिचारा काय शोधणार?

चांगला रिपोर्ट कसा असतो ते पाहू. स्टुडिओतली खरी माहिती बाहेर सांगता येत नाही, म्हणून हा नमुना मी स्वतः तयार केला आहे.

शीर्षक : विहिरीच्या उत्तरेकडील भिंतीवर पळत उडी मारल्यास पात्र भिंतीत अडकते.
कृती :
1. गाव ही लेव्हल सुरू करा.
2. विहिरीजवळ जा. उत्तरेकडे तोंड करा.
3. पळायचे बटण दाबून ठेवून भिंतीकडे जा.
4. भिंतीला टेकण्याआधी उडी मारा.
काय व्हायला हवे : पात्र भिंतीला लागून खाली पडावे.
काय होते : पात्र कमरेपर्यंत भिंतीत अडकते, बाहेर येत नाही. गेम पुन्हा सुरू करावा लागतो.
किती वेळा : 10 पैकी 7 वेळा.
गंभीरता : जास्त.
सोबत : व्हिडिओ, गेमची आवृत्ती, यंत्राचे नाव.

पाहिलंत ना? हे आपल्या विज्ञानाच्या प्रयोगासारखंच आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. "10 पैकी 7 वेळा" हे लिहिणं फार महत्त्वाचं. एकदाच झालं की नेहमी होतं, यावरून कारण शोधायची दिशा बदलते. चूक दुसऱ्याला पुन्हा करून दाखवता आली, तरच ती दुरुस्त होते.

तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे रिपोर्ट परत यायचे कमी झाले. पाचव्या आठवड्यात एका प्रोग्रामरने त्याला बोलावून ती भिंत कशी दुरुस्त केली ते दाखवलं. डोळ्यांना दिसणारी भिंत वेगळी आणि संगणकाला 'लागणारी' अदृश्य भिंत वेगळी असते, हे त्याला तेव्हा समजलं. अदृश्य भिंतीच्या दोन तुकड्यांत बारीक फट राहिली होती. कॉलेजमध्ये हे शिकवलेलं होतंच, पण कळलं इथे.

६. थोडंसं गणित

पडद्यावरचं चित्र हलतं असं वाटतं, पण ती एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं असतात. एका चित्राला फ्रेम म्हणतात. पुष्कळ गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवायचा प्रयत्न करतात.

1 सेकंद = 1000 मिलिसेकंद
1000 ÷ 60 = सुमारे 16.7 मिलिसेकंद

म्हणजे पात्र कुठे आहे, भिंतीला लागलं का, ऊन कुठून पडतं, हा सगळा हिशोब करून चित्र काढायला संगणकाला सुमारे 16.7 मिलिसेकंदच मिळतात. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर सुमारे 33.3 मिलिसेकंद मिळतात. हिशोब लांबला की गेम अडखळतो. म्हणूनच कलाकाराने झाडाला किती पानं काढायची, यावरही मर्यादा असते. पाचवी-सहावीच्या मुलांना भागाकार शिकवताना हे उदाहरण जरूर द्या, कान टवकारून ऐकतात!

७. सरावातून जन्मलेला खेळ

ही गोष्ट त्या मुलाला मी नंतर सांगितली. अमेरिकेत 1972 मध्ये अटारी ही कंपनी नुकतीच सुरू झाली होती. तिचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याला कामावर घेतलं. अल्कॉर्नना व्हिडिओ गेम बनवण्याचा काहीच अनुभव नव्हता. म्हणून बुशनेल यांनी हात बसावा यासाठी एक सोपं काम दिलं : एक चेंडू, दोन फळ्या आणि गुणफलक, असा टेबल टेनिससारखा खेळ बनव. हा फक्त सराव आहे हे मात्र सांगितलं नाही. एका मोठ्या कंपनीसाठी हवंय असं भासवलं.

अल्कॉर्ननी सांगितल्यापेक्षा जास्त केलं. फळीचे आठ भाग पाडले, म्हणजे चेंडू जिथे लागेल त्याप्रमाणे वेगळ्या कोनात परत जाईल. खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढेल अशी सोय केली. सर्किटमधल्या एका दोषामुळे फळी पडद्याच्या अगदी वरपर्यंत जात नव्हती. तो दोष त्यांनी तसाच ठेवला, कारण फळी सगळीकडे पोहोचली असती तर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता. हाच तो प्रसिद्ध 'पाँग'. पहिलं यंत्र एका बारमध्ये ठेवलं आणि काही दिवसांत ते बंद पडलं. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता!

सरावाचं काम म्हणून हाताखालून काढू नये, ही यातली शिकवण.

८. पालकांच्या शंका

वडिलांच्या तीन शंका होत्या. त्या बहुतेक पालकांच्या असतात.

पहिली : हा जुगार आहे का? नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि गेम बनवण्याचा उद्योग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक, शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तरी कंपनी नेमकं काय बनवते ते विचारून घ्यावं.

दुसरी : पगार का नाही? काही ठिकाणी विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी नाही. हे आधी लेखी विचारावं, लाजू नये. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आंतरवासितेसाठी किंवा 'नोकरीची हमी' म्हणून कोणी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर तिथून परत फिरा.

तिसरी : पुढे नोकरी लागेल का? याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मीही दिली नाही. वडिलांना एवढंच म्हटलं, "दादा, दोन महिन्यांत त्याला हे काम झेपतं का, आवडतं का, ते कळेल. चार वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं." त्यांनी उसाच्या बिलातून खोलीभाडं बाजूला काढलं.

९. जाण्याआधीची तयारी

1. कॉलेजचं पत्र आणि कंपनीचं पत्र दोन्ही हवीत. कालावधी, वेळ, काम आणि मार्गदर्शकाचं नाव त्यात असावं.
2. गोपनीयतेचा करार नीट वाचून सही करावी. बाहेर न आलेल्या गेमचा एक फोटोही मित्राला पाठवायचा नाही.
3. स्वतःचं छोटं काम दाखवता यायला हवं. गोडो हे गेम इंजिन आणि ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. अर्धवट राहिलेल्या मोठ्या गेमपेक्षा पूर्ण झालेला पाच मिनिटांचा गेम चांगला.
4. रोजनिशी ठेवावी : आज काय केलं, काय अडलं, कोणाला विचारलं. कंपनीचं गुपित त्यात येऊ देऊ नये.
5. अडलं की विचारावं, पण आधी स्वतः काय करून पाहिलं ते सांगून.
6. इंग्रजीची भीती बाळगू नये. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. ज्याला मराठीत क्रमाने लिहिता येतं, त्याला ते इंग्रजीत आणायला वेळ लागत नाही.

१०. आपल्या वर्गात काय करता येईल?

संगणक नसला तरी चालेल. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने आखीव कागदावर सापशिडीसारखा स्वतःचा खेळ बनवायचा आणि नियम पाच वाक्यांत लिहायचे. मग कागद दुसऱ्या गटाला द्यायचा. खेळ बनवणाऱ्यांनी शेजारी उभं राहायचं, पण बोलायचं नाही! नियम नीट लिहिले नसतील तर खेळणारे अडतात. ते कुठे अडले ते लिहून घ्यायचं, नियम सुधारायचे, पुन्हा खेळायचं. स्टुडिओतही हेच करतात. माझ्या चौथीच्या वर्गात या उपक्रमानंतर 'कृती लिहा' हा प्रश्न मुलं स्वतःहून मागू लागली.

समारोप

आठ आठवडे संपल्यावर तो पेढे घेऊन शाळेत आला. नोकरी मिळाली नव्हती. प्रमाणपत्र आणि मार्गदर्शकाचं एक चांगलं पत्र मिळालं होतं. "बाई, मला टेस्टिंग नाही करायचं पुढं. मला लेव्हल आखायची आहे," म्हणाला. दोन महिन्यांपूर्वी त्याला हे सांगता आलं नसतं.

मग त्याने पिशवीतून एक जुनी वही काढली. चौथीची, त्याच्या आईने जपून ठेवलेली. मागच्या पानांवर भुलभुलैया काढलेले होते. दारं, सापळे, किल्ली, बाहेर पडायचा रस्ता. आणि त्यावर माझ्या लाल पेनातला शेरा : "वही खराब करू नये."

तो हसत होता, मला मात्र काही बोलता येईना. मला त्या पानांवर फक्त खराब झालेला कागद दिसला होता. मुलगा आखणी करत होता ते दिसलं नव्हतं. आता मी प्रत्येक मुलाला मागची चार पानं मोकळी सोडायला सांगते. महिन्यातून एकदा ती पाहते, आणि तिथे लाल पेन वापरत नाही.

स्वाध्याय

1. आंतरवासिता म्हणजे काय? आपल्या गावातील कोणत्या तीन ठिकाणी ती करता येईल?
2. गेम स्टुडिओतील कोणतेही चार विभाग व त्यांचे काम लिहा.
3. "सायकल नीट चालत नाही" हे वाक्य चांगल्या बग रिपोर्टच्या स्वरूपात लिहा.
4. सेकंदाला 50 फ्रेम दाखवायच्या असतील तर एका फ्रेमला किती मिलिसेकंद मिळतील?
5. अल्कॉर्न यांनी फळीचा दोष तसाच का ठेवला? तुमच्या शब्दांत सांगा.
6. उपक्रम : गटात एक कागदी खेळ बनवा, दुसऱ्या गटाला खेळायला द्या आणि सापडलेल्या चुकांची यादी करा.